रिचमंडचे हेर : फलकांच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

मंडळाच्या बैठकीत विषय मंजूर झाला. ११ एप्रिलला फुले जयंती. त्या आठवड्यात इथे, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रिचमंडमध्येच मराठीतून फलकांचं छोटं प्रदर्शन करायचं. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली ती अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण करून, ज्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी निरपेक्षपणे झीज सोसली. ती अर्पणपत्रिका आपण दर जयंतीला वाचतो. ती माणसं कोण होती, कुठे राहत होती, हे मात्र कुणी विचारत नाही. आपलं हे रिचमंड यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला निघालेल्या दक्षिणेच्या सरकारची राजधानी होतं. त्याच गावात राहून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरा चुकवत उत्तरेच्या सैन्याला बातम्या पोचवणारी माणसं होती. त्यांत बायका होत्या, गुलाम होते. प्रदर्शन त्यांचं.

पाच फलक. पहिला अर्पणपत्रिकेचा, बाकीचे चार माणसांचे. नियम एकच ठरवला: त्या काळचा कागद ज्याला आहे ते ठामपणे लिहायचं, आणि दंतकथा घ्यायचीच झाली तर ती दंतकथा आहे असं सांगून घ्यायची.

१२ जानेवारी

गटावर सूचनांचा पाऊस. सगळ्यात जास्त मतं 'एजंट ३५५'ला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनसाठी हेरगिरी करणाऱ्या कल्पर टोळीच्या सांकेतिक कोशात ३५५ म्हणजे एखादी बाई. ऑगस्ट १७७९ च्या एका पत्रात ओळखीच्या एका ३५५ च्या मदतीने सगळ्यांवर मात करू, असा उल्लेख येतो. बस्स, एवढंच. तिचं नाव, तिचं सौंदर्य, तिची कैद, तिचा मृत्यू ही सगळी नंतरची भर. घेतली नाही.

तिच्याऐवजी त्याच युद्धातला जेम्स नावाचा गुलाम हेर घ्यायचा. पुरुष आहे म्हणून दोघींनी नाक मुरडलं, पण तो इथला, शेजारच्या न्यू केंट काउंटीतला. आणि त्याचा कागद इथेच, लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहे.

१९ जानेवारी

जेम्सचा मजकूर लिहून झाला. १७८१ मध्ये, अमेरिकनांच्या बाजूने लढणारा फ्रेंच सेनापती लाफायेत याच्या सांगण्यावरून हा गुलाम इंग्रजांच्या छावणीत शिरला. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या गोटात वावरला, आणि इंग्रजांनी त्यालाच अमेरिकनांवर हेरगिरी करायला सांगितलं. तो इंग्रजांकडच्या खऱ्या बातम्या लाफायेतला देत राहिला. यॉर्कटाउनला इंग्रज शरण आले, देश स्वतंत्र झाला आणि जेम्स परत मालकाच्या घरी, गुलाम म्हणून.

व्हर्जिनियाने १७८३ मध्ये कायदा केला: मालकाच्या बदली सैन्यात लढलेल्या गुलामांना मुक्ती. जेम्सने बंदूक धरली नव्हती, त्याने बातम्या आणल्या होत्या, म्हणून तो कायद्यात बसेना. त्याला विधिमंडळाकडे अर्ज करावा लागला. २१ नोव्हेंबर १७८४ ला लाफायेतने इथेच, रिचमंडमध्ये, त्याला हातचा दाखला लिहून दिला की याने शत्रूच्या छावणीतून मेहनतीने बातम्या गोळा केल्या आणि इमानाने पोचवल्या. तरी मुक्ती मिळायला जानेवारी १७८७ उजाडला. पुढे त्याने आपलं आडनाव लाफायेत लावलं. १८२४ मध्ये म्हातारा लाफायेत अमेरिका-दौऱ्यावर रिचमंडला आला, तेव्हा त्याने गर्दीत जेम्सला ओळखलं आणि मिठी मारली.

फलकावर मिठी मोठी आणि अर्ज बारीक असा कच्चा आराखडा आला होता. उलटा करून घेतला. यॉर्कटाउननंतर पाच वर्षांहून जास्त वाट बघावी लागली ही मुख्य गोष्ट आहे. मिठीने ती पुसली जाऊ नये.

२ फेब्रुवारी

एलिझाबेथ व्हॅन ल्यू. हिच्यावर सगळ्यात जास्त वेळ जाणार हे माहीत होतंच.

जन्म १८१८, बाप लोखंडी सामानाचा बडा व्यापारी, चर्च हिलवर वाडा. शिक्षण फिलाडेल्फियात. गुलामगिरीचा तिला तिटकारा होता आणि घरात गुलाम होते. दोन्ही गोष्टी फलकावर शेजारी शेजारी यायला हव्यात. ग्रंथालय सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, "पहिल्याच परिच्छेदात तिला खाली का ओढतेस?" मी म्हटलं, ताई, चौथा फलक ज्या मुलीचा आहे ती याच वाड्यातली गुलाम. तिसऱ्या फलकावर झाकलं तर चौथ्यावर तोंडघशी पडू.

युद्ध सुरू झाल्यावर ती लिबी तुरुंगातल्या उत्तरेच्या कैद्यांसाठी अन्न, पुस्तकं, औषधं घेऊन जाऊ लागली. गावातल्या वर्तमानपत्रांनी त्यावरून टीकेची झोड उठवली. कैदी खिडकीतून, येता-जाता, सैन्याच्या हालचाली टिपत आणि ते तिच्यापर्यंत पोचे. डिसेंबर १८६३ मध्ये पळून गेलेल्या दोन कैद्यांमार्फत तिचं नाव फोर्ट मन्रो किल्ल्यावर उत्तरेच्या जनरल बेंजामिन बटलरकडे गेलं आणि तिथून रीतसर हेरगिरी सुरू झाली. तिच्या जाळ्यात शेतकरी होते, व्यापारी होते, रेल्वेचा एक अधिकारीसुद्धा होता. आणि घरची काळी माणसं होती. गावाबाहेर व्हॅन ल्यूंचं शेत होतं. वाडा ते शेत ही गडीमाणसांची ये-जा पहारेकऱ्यांच्या सवयीची झाली होती, त्यामुळे चिठ्ठ्या त्यांच्याकडून जात. पकडले गेले असते तर आधी त्यांच्या पाठीची सालटी निघाली असती. हे वाक्य मजकुरात ठेवलं आहे.

९ फेब्रुवारी

आजची तारीख बघून मुद्दाम लिबी तुरुंगाच्या जागेवर गेले. ९ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री इथून १०९ अधिकारी भुयार खणून निसटले. इमारत आता नाही. १८८९ मध्ये ती सुटी करून शिकागोला नेली आणि तिथे संग्रहालय म्हणून उभी केली होती.

घरी येऊन डालग्रेनची गोष्ट लिहिली. मुलांना हीच आवडणार.

मार्च १८६४ मध्ये उत्तरेचा तरुण कर्नल अल्रिक डालग्रेन रिचमंडवरच्या छाप्यात मारला गेला. आदल्या वर्षीच्या लढाईत त्याचा एक पाय गेला होता. त्याच्याजवळ सापडलेल्या कागदांत दक्षिणेच्या राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिसला ठार मारायचा बेत आहे म्हणून दक्षिणेत संताप उसळला. प्रेताची विटंबना झाली आणि कुणाला कळू नये म्हणून ते रात्री गुपचूप पुरलं. व्हॅन ल्यूच्या माणसांनी ती जागा शोधली. एप्रिलच्या एका रात्री कबर उकरली, पायावरून ओळख पटवली, प्रेत धातूच्या पेटीत घातलं. सकाळी विल्यम रौली नावाच्या शेतकऱ्याने पेटी आपल्या गाडीत ठेवली आणि वर पीचची कोवळी रोपं गच्च रचली. शहराच्या वेशीवर चौकी. प्रत्येक गाडीची झडती चाललेली. रौली लगाम सैल सोडून बसून राहिला, पहारेकऱ्यांशी गप्पा मारत बसला. रोपं कुणी उपसली नाहीत. गाडी पुढे गेली आणि गावाबाहेरच्या एका शेतात त्याचं दफन झालं. वर पीचचं एक झाड लावलं.

पुढे दक्षिणेच्या सरकारने प्रेत बापाच्या ताब्यात द्यायचं ठरवलं आणि कबर उघडली, तर आत काहीच नाही!

१६ फेब्रुवारी

'वेडी बेट' या टोपणनावावरून (बेट म्हणजे एलिझाबेथ) जोरदार वाद. व्हॅन ल्यू वेडाचं सोंग घेऊन, विस्कटलेल्या केसांनी, गाणी पुटपुटत फिरायची म्हणून कुणाला संशय आला नाही, अशी गोष्ट सगळीकडे छापलेली असते. काका म्हणाले, "तीच तर गंमत आहे, ती काढलीस तर उरलं काय?"

माझं मत बदललं नाही. युद्धकाळातल्या कागदांत तिचं वागणं वेडीचं दिसत नाही. ती एका श्रीमंत घरातली, चाळिशी ओलांडलेली, अविवाहित, धर्मादाय करणारी बाई होती. अशी बाई धोकादायक असू शकते हेच अधिकाऱ्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. तिला दुसऱ्या कुठल्या सोंगाची गरज नव्हती. वेडी हे नाव नंतर तिच्यावर राग असलेल्या गावाने चिकटवलं. ते मी मराठीतून पुन्हा चिकटवणार नाही. तळाशी दोन ओळींत दंतकथा म्हणून नोंद राहील.

उरलं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. डिसेंबर १८६६ मध्ये व्हॅन ल्यूने युद्धखात्याकडून आपली सगळी पत्रं परत मागवली. खात्याने दिली, आणि ती नष्ट झाली. तिला याच गावात, याच शेजाऱ्यांत पुढची वर्षं काढायची होती, तिच्या माणसांनाही. १८६९ मध्ये ग्रँट राष्ट्राध्यक्ष होताच त्याने तिला रिचमंडची पोस्टमास्तर नेमलं. तिने काळ्या माणसांना टपालात नोकऱ्या दिल्या. १८७७ मध्ये ते पद गेलं, पैसा संपला होता, गाव बोलत नव्हतं. १९०० मध्ये ती गेली. शॉको हिल दफनभूमीत तिच्या कबरीवर जो दगड आहे तो बोस्टनहून आला, मॅसॅच्युसेट्समधल्या मित्रांनी पाठवलेला. त्यावर कोरलंय की मित्र, संपत्ती, सुख, आरोग्य, प्रत्यक्ष जीव, सगळं तिने पणाला लावलं, ते गुलामगिरी नष्ट व्हावी आणि देश एकसंध राहावा या एकाच ध्यासापायी.

जोतीरावांचं पुस्तक निघालं त्या १८७३ साली ती रिचमंडच्या टपाल कचेरीत खुर्चीवर होती. पहिल्या आणि तिसऱ्या फलकाला जोडणारी ही तारीख ठळक करायची.

२३ फेब्रुवारी

मुलांचा कोपरा तयार. व्हॅन ल्यूची सांकेतिक लिपी म्हणजे सहा बाय सहाचा चौकोन: २६ अक्षरं आणि १० अंक, बरोबर ३६ घरं. कडेला आकडे उलटसुलट क्रमाने. प्रत्येक अक्षर म्हणजे ओळीचा एक आकडा आणि स्तंभाचा एक. हा कागद तिने आपल्या घड्याळाच्या मागच्या झाकणात शेवटपर्यंत जपला होता.

मराठी शाळेतल्या बाईंनी विचारलं, देवनागरीत होईल का? बसून केलं. अ ते अः १३ स्वर, क ते ज्ञ ३६ व्यंजनं, एकूण ४९. सात बाय सातचा चौकोन काठोकाठ भरतो! पहिल्या ओळीत अ ते ऋ, दुसरी ए पासून क पर्यंत, तिसरी ख ते ज, चौथी झ ते ण, पाचवी त ते फ, सहावी ब ते व, सातवी श ते ज्ञ. काना-मात्रा स्वतंत्र स्वर म्हणून मागून लिहायची. आकडे सरळ लावले तर 'रिचमंड' होतं ६५ १३ ३५ ६३ २५ ४५. एकच अडचण, 'मऊ' आणि 'मू' सारखेच दिसतात. म्हणून सुटा स्वर आला की आधी टिंब द्यायचं. आकड्यांचा क्रम प्रत्येक गटाने आपला आपण ठरवायचा आणि कुणाला सांगायचा नाही.

१० मार्च

आज हॅरिएट टबमनची पुण्यतिथी. १९१३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी ती वारली. गुलामीतून स्वतः पळाली आणि परत परत येऊन इतरांना सोडवून नेलं, ही टबमन सगळ्यांना माहीत आहे. पाचव्या फलकावर यादवी युद्धातली टबमन हवी. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर तिने स्थानिक काळे नावाडी आणि माहितगार हाताशी धरून टेहळणीची टोळी बांधली. कॉम्बाही नदीत सुरुंग कुठे पेरले आहेत ही बातमी गुलामांकडूनच आली. १ जून १८६३ च्या रात्री कर्नल माँटगोमेरीच्या काळ्या सैनिकांसह बोटी निघाल्या, पहाटे मळ्यांपाशी लागल्या. भाताची कोठारं आणि गिरण्या पेटवल्या. शिट्टी ऐकून शेतातून माणसं धावत सुटली. टबमनने नंतर सांगितलं ते फलकावर घेतलं आहे: एक बाई चुलीवरचा वाफाळता भात तसाच बादलीत घालून डोक्यावर घेऊन आलेली, मागे पोर लोंबकळतंय. दुसरीने दोन डुकरं आणली, एक पांढरं आणि एक काळं. बोटीवर त्यांची नावं ठेवली बोरेगार्ड (दक्षिणेचा एक सेनापती) आणि जेफ डेव्हिस. त्या एका फेरीत ७०० हून जास्त माणसं सुटली.

मग पेन्शनची फाइल. परिचारिका, स्वयंपाकीण आणि टेहळ्यांची प्रमुख म्हणून केलेल्या कामाबद्दल तिने १,८०० डॉलर मागितले. ते मिळाले नाहीत. १८९५ पासून महिना ८ डॉलर सुरू झाले ते नेल्सन डेव्हिस या सैनिकाची विधवा म्हणून. १८९९ मध्ये संसदेने ते २० केले, तेही परिचारिका म्हणून केलेली सेवा ध्यानात घेऊन. बायको चालली, परिचारिका चालली. गेल्या नोव्हेंबरात मेरिलँडच्या नॅशनल गार्डने तिला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल केलं. बातमी फलकावर एका ओळीत येईल. पेन्शनच्या आकड्यांना अर्धा फलक दिला आहे.

२३ मार्च

सेंट जॉन्स चर्चपाशी आज चालायला जागा नव्हती. पॅट्रिक हेन्रीने 'स्वातंत्र्य द्या नाहीतर मरण द्या' असं भाषण इथे केलं त्याला आज २५० वर्षं झाली. मी गेले होते ते चौथ्या फलकासाठी. याच चर्चच्या नोंदवहीत १७ मे १८४६ ला एका बाप्तिस्म्याची नोंद आहे: मेरी जेन, श्रीमती व्हॅन ल्यू यांच्या मालकीचं काळं मूल. घरच्या इतर गुलामांचे विधी काळ्यांच्या चर्चमध्ये होत. हिचा गोऱ्यांच्या चर्चमध्ये झाला, म्हणजे ही काहीतरी वेगळी होती.

तिला शिकायला उत्तरेत पाठवलं, १८५५ मध्ये आफ्रिकेतल्या लायबेरियाला. तिथे ती रमली नाही, १८६० मध्ये परत आली. त्या ऑगस्टात मुक्त असल्याचा कागद जवळ नाही म्हणून तिला रिचमंडच्या रस्त्यावर पकडलं. तिने खोटं नाव सांगितलं. १६ एप्रिल १८६१ ला, व्हर्जिनिया अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघायच्या आदल्या दिवशी, याच चर्चमध्ये तिचं विल्सन बाउझरशी लग्न लागलं.

पुढचं सगळ्यांना 'माहीत' असतं: मेरी बाउझर जेफरसन डेव्हिसच्या घरात मोलकरीण होऊन राहिली, जेवण वाढताना ऐकायची, एकदा पाहिलेला कागद तिला अक्षरशः पाठ व्हायचा. ही गोष्ट घडली त्या काळच्या कागदांत नाही, दशकांनंतरच्या घरगुती आठवणींत आहे. तिचं 'मेरी एलिझाबेथ बाउझर' हे नावही तिथलंच.

आणि तिचं स्वतःचं बोलणं उपलब्ध असताना आपण ही गोष्ट का सांगायची? युद्ध संपल्यावर, सप्टेंबर १८६५ मध्ये, तिने न्यूयॉर्कला ॲबिसिनियन बाप्टिस्ट चर्चमध्ये भाषण केलं. नाव लावलं रिचमोनिया रिचर्ड्स. काळ्या वाचकांच्या 'अँग्लो-आफ्रिकन' या वर्तमानपत्राने वृत्तांत छापला. त्यात ती सांगते की धुण्याचे कपडे मागायच्या निमित्ताने ती डेव्हिसच्या घरात शिरली, एका खासगी खोलीत पोचली आणि तिथे तिने कपाटाचे खण उघडून कागद चाळले. मला ही मुलगी त्या चमत्कारिक स्मरणशक्तीच्या मोलकरणीपेक्षा कितीतरी जास्त धीट वाटते. कपडे न्यायला आलेली धोबीण, बाहेर पावलांचा आवाज, हात खणात.

१८६७ मध्ये ती जॉर्जियातल्या सेंट मेरीज गावी सुटलेल्या गुलामांसाठी एकटीने शाळा चालवत होती. दिवसा सत्तरेक मुलं, रात्री डझनभर मोठी माणसं, रविवारी शंभरेक. जूनमध्ये शाळा बंद झाली. फलकाचा मजकूर तिथे संपतो.

अर्पणपत्रिकेच्या फलकात आज एक वाक्य वाढवलं: जोतीरावांनी ज्यांचा सन्मान केला त्या लोकांत स्वतः गुलाम असलेली, आपली सुटका आपणच ओढून आणणारी माणसंही होती. जेम्स, मेरी जेन आणि टबमन यांना मुक्त केलं गेलं, असं कर्मणी रूप मजकुरात एकाही ठिकाणी ठेवलेलं नाही. सगळी वाक्यं तपासली.

३० मार्च

मांडणी करणाऱ्या मुलाने चौथ्या फलकावर फोटो टाकून पाठवला. मेरी बाउझर म्हणून सगळीकडे फिरतो तोच. त्याला फोनवर समजावलं की तो बऱ्याच नंतरच्या काळातल्या, त्याच नावाच्या दुसऱ्या बाईचा आहे, हे संशोधनातून सिद्ध झालंय. तो म्हणाला, चेहरा नसेल तर लोक थांबणार नाहीत. तोडगा निघाला. सेंट मेरीजहून तिने फ्रीडमन्स ब्यूरो या, सुटलेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याच्या शिक्षण अधिकाऱ्याला लिहिलेली पत्रं राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यातलं एक मोठं करून छापायचं, सहीसकट. गुलामांना एकत्र जमवून लिहायला शिकवणं जिथे कायद्याने गुन्हा होता, त्या राज्यात जन्मलेल्या मुलीचं अक्षर लोक थांबून बघतील.

छपाईवाल्याकडून नमुना आला. जोडाक्षरं फुटली आहेत, 'रिचर्ड्स'चा रफार उडून शेजारच्या अक्षरावर बसलाय. सगळा मजकूर चित्ररूपात बदलून पुन्हा पाठवला.

१२ एप्रिल

प्रदर्शन झालं. पेन्शनच्या आकड्यांपुढे सगळ्यात जास्त वेळ थांबल्या त्या आज्या. एक म्हणाल्या, "विधवा म्हणून आठ, बाकी सगळ्या कामाचे बारा!" आणि सुनेला हाताला धरून परत तिथे घेऊन आल्या. मुलांनी चौकोनाचा कागद संपवला. एका गटाचा क्रम शेवटपर्यंत कुणाला फोडता आला नाही. काकांनी तळाची 'वेडी बेट'ची नोंद वाचली आणि स्वतःच दोन पाहुण्यांना ती का खोटी आहे ते समजावत उभे राहिले.

चौथ्या फलकापाशी एका मुलाने विचारलं, १८६७ नंतर ती कुठे गेली? शाळेतल्या बाईंनी त्यालाच उलट विचारलं, तू असतास तर कुठल्या नावाने शोधलं असतंस? तिची कागदांवरची नावं त्याने फलकावरून उतरवून घेतली.

१९ एप्रिल

दुसऱ्या एका मंडळाने फलक मागितले आहेत. पाठवण्याआधी करायच्या दुरुस्त्या: जेम्सच्या फलकावर अर्जाचं चित्र आणखी मोठं, कारण मागच्या रांगेतून वाचता येत नव्हतं. व्हॅन ल्यूच्या फलकावर पीचच्या रोपांची गोष्ट वर आणायची आणि बोस्टनच्या दगडाचा फोटो उन्हात पुन्हा काढायचा. चौकोनाचे कोरे कागद दुप्पट. पुढच्या वर्षीच्या सहाव्या फलकासाठी ताईंनी व्हॅन ल्यूच्या टपाल कचेरीत नोकरी मिळालेल्या काळ्या कर्मचाऱ्यांचा विषय सुचवला आहे. नोकरभरतीच्या नोंदींपासून सुरुवात करायची. ते काम जूनमध्ये, शाळांना सुटी लागली की.